सांगोल्याचं मत वाया गेलं नाही

सांगोला विधानसभा मतदारसंघाचा विषय निघाला की आधी कौतुक होतं. एसटीने फिरणारे आमदार गणपतराव देशमुख ऊर्फ आबा, आयुष्यभर एकच पक्ष, एकच मतदारसंघ, अकरा विजय. कौतुक संपलं की सूर बदलतो. ‘आबा माणूस म्हणून थोरच, पण तालुका कोरडाच राहिला की!’ आणि मग पुढचा निष्कर्ष आपसूक येतो: सत्तेबाहेरच्या पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या मत देऊन सांगोलेकरांनी आपलंच नुकसान करून घेतलं, आमदार सरकारसोबत असता तर पाणी केव्हाच आलं असतं.

निवडणुकीच्या सभांमध्ये हा युक्तिवाद उघडपणे होतो, एरवी तो शहरातल्या जाणत्या गप्पांमध्ये आणि वर्तमानपत्री लेखांमध्ये जरा सभ्य भाषेत येतो. दिसायला मोठा व्यवहारी आहे. पण सांगोल्याचा गेल्या साठ वर्षांचा निवडणुकांचा आणि पाण्याचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून पाहिला, तर तो जवळपास कुठल्याच टप्प्यावर टिकत नाही. आणि त्याची झळ एकट्या सांगोल्याला नाही. ‘सत्तेसोबत असलेल्यालाच निवडून द्या, नाहीतर निधी विसरा’ ही आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक मतदारसंघात दिली जाणारी धमकी आहे आणि तिला पुरावा म्हणून सांगोला दाखवला जातो. म्हणून हा खटाटोप.

आधी कौतुकातल्या चुका काढू. गणपतराव देशमुख यांचा अकरा विजयांचा आकडा खरा आहे: १९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, आणि मग १९९९, २००४, २००९, २०१४. हा देशातला विक्रम असल्याचं मात्र हौसेने सांगितलं जातं, ते बरोबर नाही. केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले आणि ओमन चंडी पुतुप्पळ्ळीतून बारा वेळा. आमदारकीची चोपन्न-पंचावन्न वर्षं छापली जातात, तीही बेरीज कुणी करून पाहत नाही. १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ या काळात गणपतराव आमदार नव्हते. ही दोन भगदाडं वजा केली की पन्नास-एक्कावन्नच्या आसपास वर्षं उरतात. विक्रम थोडा लहान झाल्याने गणपतरावांचं काही कमी होत नाही. उलट त्या दोन भगदाडांमध्येच सांगोल्याचा खरा इतिहास आहे आणि गौरवग्रंथी उत्साहात नेमका तोच बुजवला जातो.

सुरुवात १९६२पासून करू. १९५७ला संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्र हलवून सोडला होता. १९६०ला राज्य मिळालं, समितीचं प्रयोजन संपलं आणि यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. आता यशवंतराव मोहित्यांसारखे पुढच्या फळीतले लोकही गेले. १९६२ला राज्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. शेकापला मिळाल्या १५. त्या पंधरांत सांगोला होता. बहुजन समाजाचं राज्य आलं, आता विरोध कशाला, असं वातावरण गावोगावी असताना या तालुक्याने विरोधी उमेदवार निवडला. ज्यांना हे मत भोळेपणाचं वाटतं त्यांनी एवढं तरी मान्य करावं की त्या वर्षी वाऱ्याबरोबर जाणं जास्त सोपं होतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळा आरोप तिथेच आहे.

सोलापूर जिल्ह्यात मान्सून पोहोचतो तो सह्याद्रीने बरंचसं पाणी काढून घेतल्यानंतर. सांगोल्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, तोही लहरीने. माण आणि कोरडा या तालुक्यातल्या नद्या. दुसरीच्या नावातच सगळं आलं. शेजारच्या माळशिरसचा ऊस दाखवून सांगोल्याला हिणवलं जातं. पण माळशिरसला नीरा उजव्या कालव्याचं पाणी मिळालं ते भाटघर धरणामुळे, ब्रिटिशांच्या काळात. त्यात कुठल्या आमदाराचा वशिला नव्हता. जमिनीचा उतार होता आणि कालव्यावरची जागा होती. सांगोला त्याच कालव्याच्या शेपटाला. टेलचं पाणी म्हणजे काय, हे कालव्यावर शेती करणाऱ्या कुणालाही विचारा. आवर्तन सुटल्याची बातमी येते, पाणी वरच्या वर जिरतं.

तेव्हा तुलना करायची तर माळशिरसशी किंवा बारामतीशी करून चालणार नाही. ती जतशी करा, माणशी करा, मंगळवेढ्याशी करा. पाऊस साधारण तोच, दुष्काळी पट्टा तोच. फरक एवढाच की या तालुक्यांनी बहुतेक काळ सत्तेतल्या काँग्रेसचे आमदार निवडून दिले. त्यांना पाणी मिळालं का? मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या ३५ गावांचा पाणीप्रश्न दशकानुदशकं प्रत्येक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आहे. जतच्या पूर्व भागातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली आणि २०२२च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याच नाराजीवर बोट ठेवून जतच्या गावांवर दावा सांगितला, तेव्हा कुठे मुंबईत धावपळ झाली. ‘सत्तेसोबत असतो तर’ हा प्रयोग शेजारच्या तालुक्यांनी करून पाहिला होता. निकाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सांगोल्याचा आमदार विरोधात होता म्हणून सांगोला कोरडा राहिला असेल, तर जत कशामुळे कोरडा राहिला?

याला उत्तर देताना एक पळवाट काढली जाते: तिथले आमदार सत्तेत होते पण वजनदार नव्हते. बरं. मग सांगोल्याचीच उदाहरणं घेऊ. गणपतराव कायम विरोधात होते हे मुळातच खोटं आहे. १९७८ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते मंत्री होते. १९९९ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारातही मंत्री होते. शेकापने २००२मध्ये त्या सरकारचा पाठिंबा काढला. म्हणजे नुसती सत्तेची सोबतच मिळाली असं नाही, चक्क मंत्रिपद दोनदा आलं. सत्तेच्या खुर्चीला पाणी ओढण्याची ताकद असती तर या दोन खेपांत सांगोल्याच्या चाऱ्या भरायला हव्या होत्या.

याहून सरस पुरावा १९७२चा आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सांगोल्याने गणपतरावांना पाडलं आणि काँग्रेसचा, म्हणजे सत्तेतला, आमदार निवडून दिला. टीकाकारांना हवं तेच झालं. आणि लगोलग शतकातला सगळ्यात भीषण दुष्काळ पडला. सत्तेतला आमदार असल्यामुळे सांगोल्यातल्या बायकामाणसांची खडी फोडायची वेळ टळली नाही. नालाबांध, पाझर तलाव, रस्त्याची कामं जशी सगळ्या दुष्काळी पट्ट्यात निघाली तशी इथे निघाली. त्याच दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. तो एखाद्या मतदारसंघाला मिळालेला निधी नव्हता, साऱ्या राज्यातल्या खेडुताला मिळालेला हक्क होता. आमदाराचं काम कुठलं आणि ठेकेदाराचं कुठलं, हे यावरून कळायला हरकत नाही. १९७४च्या पोटनिवडणुकीत तालुक्याने गणपतरावांना परत बोलावलं.

दुसरं भगदाड १९९५चं. हे टीकाकारांचं आवडतं आहे. गणपतराव १९२ मतांनी पडले, आणि पाहा, १९९६ला महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, टेंभूसारख्या उपसा योजनांची कामं सुरू झाली! म्हातारा हटला आणि पाणी हललं, असा हा हिशेब. त्यात एक बारीकशी अडचण आहे. १९९५ला गणपतरावांना हरवणारे शहाजीबापू पाटील काँग्रेसचे होते आणि राज्यात सरकार होतं शिवसेना-भाजप युतीचं. म्हणजे महामंडळ आलं त्या दिवशी सांगोल्याचा आमदार विरोधी बाकावरच बसलेला होता. पक्ष बदलला, बाक तोच राहिला, आणि योजना तरीही आली.

का आली? बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा वाटा ठरवून दिला होता आणि त्या निवाड्याच्या फेरविचाराची तारीख होती ३१ मे २०००. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क गमावू, या धाकाने सरकार कर्जरोखे काढून धरणं बांधायला निघालं. पण अडवलेलं पाणी वर दुष्काळी पठारावर चढवायचं, ही गोष्ट त्या धाकातून आपोआप येत नव्हती. नदीकाठच्या बागायतीला आणखी पाणी देऊनही वाटा पुरता वापरता आला असता. ते पाणी दुष्काळी तालुक्यांना हवं, ही मागणी कुणी लावून धरली? १९९३पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांनी. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही त्यातली नावं. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके पक्ष बाजूला ठेवून एकत्र आले. शेतकऱ्यांचे मोर्चे निघाले. समन्यायी पाणीवाटप हा शब्द अभ्यासकांच्या टिपणांतून शेतकऱ्याच्या तोंडी आला तो इथे. धरणात पाणी किती यापेक्षा ते कुणाला, कुठल्या हिशेबाने मिळणार, हा प्रश्न या परिषदांनी सरकारच्या दारात आणून ठेवला.

टेंभू योजना कऱ्हाडजवळ कृष्णेतून पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत सांगली जिल्ह्यातून सांगोल्याकडे आणते. सांगोला पुन्हा शेपटालाच. अशा योजनेत वीजबिलाचा प्रश्न जीवघेणा असतो. बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की आवर्तन नाही, आणि शेतकऱ्याने पूर्ण बिल भरायचं म्हटलं तर ज्वारी-बाजरीच्या शेताला ते परवडत नाही. सरकारने ८१ टक्के आणि शेतकऱ्याने १९ टक्के बिल भरायचं, हे सूत्र भांडून मिळालेलं आहे. यातलं काहीही एखाद्या आमदाराने मंत्रालयात सही घेऊन आणलेलं नाही. तेरा तालुक्यांनी मिळून, सत्तेच्या आत आणि बाहेर असलेल्यांनी मिळून, पंचवीस-तीस वर्षं रेटा लावला. सांगोल्याने या रेट्याला विधानसभेत दीर्घकाळ आवाज पुरवला. प्रतिनिधित्व म्हणजे याहून वेगळं काय असतं?

टीकाकार इथे म्हणतील, पाण्याचं सोडा, बाकी काय केलं? केलं त्यातलं एक सांगतो. कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूत गिरणी उभी राहिली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी सूत गिरण्या आजारी पडल्या, बंद झाल्या, तेव्हा ती चालत राहिली. याच तालुक्यात सहकारी साखर कारखानाही निघाला होता. उसाला पाणी नसलेल्या जागी साखर कारखाना काढायचा ही त्या काळातल्या सत्तेच्या राजकारणाची रीतच होती. कारखाना नाही तो नेता कसला! तो कारखाना अनेक वर्षं बंद पडून राहिला. सत्तेजवळची वाट कोणती, दूरची कोणती आणि कुठल्या वाटेवर शेतकऱ्याचे भागभांडवलाचे पैसे सुरक्षित राहिले, हे ज्याने त्याने पाहावं.

डाळिंबाचं श्रेय मात्र मी कुठल्याच आमदाराला देणार नाही. ते शेतकऱ्याचं आहे. शेततळ्यात पाणी साठवून, ठिबकवर भगवा वाण फुलवून अजनाळ्यासारख्या गावांनी जे केलं त्यात राजकारण्यांचा वाटा फारच थोडा. तेल्या, मर आणि खोडकिड्याने बागा उपटायची वेळ आली तेव्हाही ते एकटेच होते.

आता दुसरा समज. सांगोलेकर भावनेपोटी, आबांच्या साधेपणावर भाळून मत देत राहिले, असं म्हणतात. वर्षानुवर्षं भक्ती करणारे मतदार आपल्या देवाला दोनदा पाडतात का? १९९५ची १९२ मतं आठवा. २०१९ला गणपतरावांनी वयामुळे उमेदवारी घेतली नाही. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. दोन्ही बाजूंना लाखाच्या जवळ मतं होती. हा मतदारसंघ कधीच कुणाची जहागीर नव्हता. तालुक्यात दोन तट कायम होते, विरोधी बाजूही तितकीच चिवट होती, आणि म्हणून गणपतरावांना दर पाच वर्षांनी गावोगाव जावं लागलं. जातीचं गणित होतं, धनगर समाजाची मोठी संख्या होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या जातीच्या गणितावर अकरा निवडणुका निघत नाहीत. तसं असतं तर १९७२ला आणि १९९५ला ती जात कुठे गेली होती?

साधेपणाच्या गोष्टींचा मला तर थोडा रागच येतो. एसटीतला प्रवास, साधं घर, पांढरे कपडे यांवर मजकुराचे रकाने भरले. त्या माणसाने पाण्याच्या वाटपाबद्दल विधानसभेत काय मांडलं, यावर त्याच्या दशांशही नाही. आमदार चांगला होता हे सांगायला त्याच्या गाडीचा तपशील लागतो, ही आपल्या पत्रकारितेची गरिबी आहे.

आणि मग आलं २०२२. जूनमध्ये शिवसेनेतल्या बंडात सामील झालेले शहाजीबापू गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर जे बोलले, ती झाडी, तो डोंगर आणि ते हाटील महाराष्ट्रभर गाजलं. सांगोला पन्नास वर्षांत पाण्यासाठी जेवढा गाजला नाही तेवढा त्या एका फोनने गाजला. त्या हशात एक गोष्ट हरवली. ‘सत्तेसोबत राहा’ या सल्ल्याचं ते सगळ्यात शुद्ध रूप होतं. तिथे बसलेल्या आमदारांनी बंडासाठी दिलेल्या कारणांमध्ये मतदारसंघाला निधी मिळत नाही, हे एक ठळक कारण होतं. पुढची सव्वादोन-अडीच वर्षं सांगोला खरोखरच सत्तेच्या अगदी मांडीला मांडी लावून बसला. निधीचे मोठमोठे आकडे जाहीर सभांतून सांगितले गेले. उजनीच्या पाण्यावरची सांगोला उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं रखडली होती, ती या काळात मार्गी लागली. हे मान्य केलं पाहिजे, आणि ज्याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. टीकाकारांच्या सिद्धांताची याहून अनुकूल परीक्षा होणं शक्य नव्हतं.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये राज्यात महायुतीची लाट होती. सत्तेतला पक्ष, सत्तेतला आमदार, योजना, निधी, आणि जोडीला देशभर पोहोचलेलं नाव. सांगोल्याने शेकापच्या बाबासाहेब देशमुखांना २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून दिलं. २८८च्या सभागृहात शेकापचा तो एकमेव आमदार. शिवसेनेच्या दोन गटांमध्ये मतं फुटली म्हणून हे झालं, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. ठाकरे गटाच्या उमेदवारालाही पन्नास हजारांच्या वर मतं पडली. पण फुटलेल्या मतांपैकी ठाकरे गटाकडे गेलेली मतंसुद्धा सत्तेविरोधातलीच होती, हे लक्षात घ्या. दोन बाजू मिळून पाहिल्या तर सत्तेसोबतच्या आमदाराला नाकारणारी मतं जवळपास दुप्पट भरतात.

सांगोल्यावर टीका करायला जागा नाही असं कुणी समजू नये. टीकाकार नको तिथे बोट ठेवतात, एवढंच माझं म्हणणं. ज्या पक्षाने विचारावर पन्नास वर्षं मत मागितलं, त्या पक्षाला गणपतरावांनंतर उमेदवार शोधायला त्यांच्याच घरात जावं लागलं. २०१९ला एक नातू, २०२४ला दुसरा. सूत गिरणी चालवणारी, पाणी परिषदेला गाड्या भरून माणसं नेणारी, गावोगावच्या सोसायट्या सांभाळणारी कार्यकर्त्यांची फळी तालुक्यात होती. तिच्यातून एक आमदार वर येऊ शकला नाही. काँग्रेसच्या सुभेदारांवर घराणेशाहीचा ठपका ठेवत वाढलेल्या पक्षाला हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि ‘लोकांनीच निवडून दिलं’ हे त्याचं उत्तर होत नाही, कारण ते उत्तर प्रत्येक घराण्याकडे असतं.

दुसरी काळजी मतदारसंघाच्या नकाशाची आहे. २००८च्या पुनर्रचनेत मुंबईभोवतीच्या शहरी पट्ट्याच्या जागा वाढल्या आणि ग्रामीण जिल्ह्यांच्या घटल्या. सोलापूर जिल्ह्यातला मंगळवेढा मतदारसंघ त्यात गेला आणि तालुका पंढरपूरला जोडला गेला. त्या ३५ गावांच्या पाण्यासाठी बोलायला स्वतंत्र आमदार तेव्हापासून मंगळवेढ्याला नाही. पंढरपूरच्या वारीपासून चंद्रभागेच्या घाटापर्यंत सगळं पाहणाऱ्या आमदाराकडे ते काम जातं. सांगोला वाचला. जवळजवळ अख्खा तालुका एका मतदारसंघात राहिला, त्याला पंढरपूरची काही गावं जोडली आणि लोकसभेला तो माढ्यात गेला. पुढची पुनर्रचना लोकसंख्येच्या नव्या आकड्यांवर होईल तेव्हा पुण्या-ठाण्याच्या जागा पुन्हा वाढणार आणि माणदेशातल्या पुन्हा कमी होणार. पाऊस कमी, म्हणून पोटासाठी माणसं बाहेर, आणि माणसं बाहेर म्हणून आमदार कमी, असा हा फेरा आहे. कोणता आमदार सत्तेच्या किती जवळ बसतो याची उठाठेव करणाऱ्यांनी त्याआधी तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळून सभागृहात किती जागा उरणार आहेत, हे मोजायला घ्यावं.